बंदुकीचं पार्सल होत नाही. मग सीमेपलीकडं न्यायची कशी?

सीमाभागात राज्याची हद्द रोजच्या जगण्यात फारशी आडवी येत नाही. शिनोळीची माणसं बेळगावच्या बाजारात येतात, निपाणीची सोयरीक कागल-कोल्हापुरात होते, बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्यात पोचते. गाडीचा पासिंग नंबर बदलला तरी फार कुणी विचारत नाही. पण एका वस्तूसाठी ही हद्द खरोखरची भिंत आहे. ती म्हणजे परवान्याची बंदूक.

आपल्याकडं परवान्याच्या बंदुका कमी नाहीत. खानापूर, चंदगड, आजरा, दोडामार्ग या पट्ट्यात रानडुक्कर, गवे आणि अलीकडं हत्ती यांच्यापासून पीक राखायला शेतकऱ्यांनी घेतलेल्या ठासणीच्या आणि बारा बोअरच्या बंदुका आहेत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि गावोगाव माजी सैनिक आहेत. निवृत्तीनंतर परवाना काढून बँकेत किंवा कारखान्यात बंदूकधारी रखवालदार म्हणून काम करणारे त्यांच्यात आहेत. कोल्हापूर तर नेमबाजांचं गाव. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. त्यानंतर रायफलकडं वळलेली पोरं दोन्ही बाजूला आहेत.

या सगळ्यांना कधी ना कधी एकच प्रश्न पडतो: बंदूक इथून तिथं पोचवायची कशी? दुरुस्तीला, स्पर्धेला, बदलीच्या गावाला, नाहीतर वडिलांच्या पश्चात मुलाकडं. आणि बऱ्याचदा सुचवलं जातं ते चुकीचंच: "चांगली गुंडाळ, लक्झरीच्या डिकीत टाक, सकाळी पुण्यात उतरवून घेतील."

एक नेहमीचं उदाहरण

वडील माजी सैनिक, खानापूर तालुक्यात शेती, घरात बारा बोअरची दुनळी, परवाना कर्नाटकातला. मुलगा वीस वर्षं पिंपरीत, आधार आणि रेशन कार्ड तिकडचं. वडील गेले. आता बंदुकीचं काय?

वडिलांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 नुसार अशी बंदूक विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करावी लागते. दिवसकार्य झाल्यावर बघू म्हणून ती माळ्यावर राहिली, तर घरातल्या माणसांकडं विनापरवाना शस्त्र आहे असाच त्याचा अर्थ होतो.

जमा केली म्हणजे हक्क गेला असं नाही. वारसाला परवाना मिळाला की ती परत मिळते, किंवा विकता येते. पण ठरलेल्या मुदतीत काहीच हालचाल झाली नाही, तर जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. त्याआधी लेखी नोटीस देऊन 30 दिवसांत म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पण ही नोटीस बहुतेक वेळा गावच्या पत्त्यावर जाते. तिथं कुलूप असतं आणि मुलगा पिंपरीत.

2016 च्या शस्त्र नियमांनी एक चांगली सोय केली आहे. परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडं शस्त्र 25 वर्षं असलं, तर त्याच्या हयातीतच शस्त्र वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. ज्या घरात वडील सत्तरी ओलांडून गेलेत, त्यांनी हे काम आजच हातात घ्यावं. स्वतः वडील सही करायला असताना जे एका फाईलमध्ये होतं, त्याला नंतर बरेच हेलपाटे पडतात.

मुलगा राहतो महाराष्ट्रात, म्हणून परवान्याचा अर्ज तिकडं करायचा. बंदूक जमा कर्नाटकातल्या ठाण्यात. परवाना हातात पडला तरी बंदूक आणि मालक यांच्यामध्ये कोगनोळीचा नाका उभा आहे. खरी अडचण इथं सुरू होते.

परवान्यावरची हद्द

वाहन परवाना देशभर चालतो, शस्त्र परवाना तसा नसतो. त्यावर तो कुठं चालेल ते लिहिलेलं असतं: कुणाचा जिल्ह्यापुरता, कुणाचा राज्यापुरता, कुणाचा शेजारच्या काही राज्यांत, थोड्यांचा देशभर. पीक संरक्षणाचा परवाना तर शेतापुरताच विचार करून दिलेला असतो. आपली हद्द काय आहे हे अनेकांनी परवाना घेतल्यापासून उघडून पाहिलेलं नसतं.

हद्दीबाहेर बंदूक नेली तर परवान्याची अट मोडली जाते. कलम 30 खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षा छोटी वाटते, पण खरा फटका त्याच्या पुढं आहे. अट मोडली हे कारण परवाना निलंबित किंवा रद्द करायला पुरतं. ज्याची रखवालदारीची नोकरी त्या परवान्यावर चालते, त्याचं घरच बंद होतं.

म्हणून हद्द वाढवून घेणं हे पहिलं काम. राज्याबाहेर वारंवार जायचं असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडं, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत डीसी ऑफिसात, महाराष्ट्रात कलेक्टर कचेरीत आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडं, हद्दवाढीचा अर्ज करायचा. एकदाच न्यायची असेल तर त्या प्रवासापुरती परवानगी मागायची. कारण, तारखा, मार्ग आणि बंदुकीचा नंबर लिहून द्यायचा.

कुरिअर, ट्रान्सपोर्ट, लक्झरी

आता डिकीचा सल्ला किती महाग पडू शकतो ते बघू.

कुरिअर कंपन्यांच्या नाकारलेल्या वस्तूंच्या यादीत शस्त्रं आणि दारूगोळा असतोच. टपालानं स्फोटक आणि धोकादायक वस्तू पाठवता येत नाहीत, त्यामुळं काडतुसांचा प्रश्नच मिटला. रेल्वेत धोकादायक माल लेखी सूचना न देता नेला तर रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

राहिला ट्रान्सपोर्टवाला. कुणाचाही माल भाडं घेऊन नेणाऱ्या वाहतूकदारासाठी 1865 चा जुना ब्रिटिश कायदा बदलून 2007 चा रस्ता वाहतूक कायदा आला आणि तो 2011 पासून लागू झाला. त्यात माल पाठवणाऱ्यानं फॉरवर्डिंग नोटवर मालाचं वर्णन आणि किंमत लिहायची आणि धोकादायक माल असेल तर तसं सांगायचं, अशी जबाबदारी आहे. "यंत्राचे सुटे भाग" किंवा "घरगुती सामान" लिहून बंदूक पाठवली, तर खोटं विधान पाठवणाऱ्याच्या सहीचं असतं. वर नुकसानभरपाईही नाही. जादा किंमत जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. तीनशे रुपये भाड्यात पाठवलेली वडिलांची दुनळी गहाळ झाली तर तीन हजार रुपये मिळतील. पण बंदूक हरवली ही फिर्याद द्यायला ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न येणार, ती पार्सलमध्ये कशी काय होती?

याहून मोठी बाब म्हणजे शस्त्र कायदा स्वतः. दुसरा माणूस बाळगायला पात्र आहे याची खात्री न करता त्याच्या ताब्यात शस्त्र देणं हा कलम 29 खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्याच्याकडं परवाना नाही आणि बंदूक सापडली, त्याला कलम 25 खाली किमान दोन ते पाच वर्षं. ही शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनं वाढवली. कलम 35 सांगतं की गाडीत शस्त्र आहे हे माहीत असलेला, गाडीचा ताबा असलेला प्रत्येक जण जबाबदार धरता येतो. म्हणजे "अण्णा, एवढं डबडं पुण्यात द्या" म्हणून ज्या ड्रायव्हरच्या हातात ते दिलं, त्याच्यावर मालकापेक्षा मोठं कलम लागू शकतं. मालकाकडं निदान परवाना असतो. ड्रायव्हरकडं काहीच नसतं.

कलम 20 तर अनेकांना ठाऊकच नाही. संशय यावा अशा रीतीनं शस्त्र नेणाऱ्याला, परवाना असो वा नसो, दंडाधिकारी, पोलीस किंवा रेल्वे, जहाज, वाहनावर काम करणारा कर्मचारीसुद्धा विनावॉरंट अटक करू शकतो. गोणपाटात गुंडाळून सीटखाली सरकवलेली बंदूक संशय निर्माण करते. तीच बंदूक कव्हरमध्ये, मालकाजवळ, कागदांसह असेल तर प्रश्न दोन मिनिटांत संपतो.

अमेरिकेतले व्हिडिओ इथं चालत नाहीत

रायफल खोक्यात कशी पॅक करून पाठवायची याचे अमेरिकन व्हिडिओ मोबाइलवर भरपूर फिरतात. तिकडं 1968 च्या केंद्रीय कायद्यानं एक वाट आखून दिली आहे. एका राज्यातल्या नागरिकाला दुसऱ्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडं रायफल पाठवता येते, घ्यायला येणाऱ्याची तपासणी तो विक्रेता करतो आणि तिथून ती पुढं जाते. खोक्यावर आत बंदूक आहे असं लेबल लावायला वाहतूकदारानं भाग पाडू नये, असंही त्या कायद्यात आहे. चोराला आमंत्रण नको हा त्यामागचा विचार. गेल्या काही वर्षांत तिथल्या मोठ्या खासगी कंपन्यांनीही अटी बऱ्याच कडक केल्या आहेत.

आपल्याकडं ही वाटच नाही. तिथल्या व्हिडिओतून घेण्यासारखं फक्त पॅकिंगचं तंत्र आहे, पाठवण्याची पद्धत नाही. भारतात सामान्य परवानाधारकासाठी उघड्या असलेल्या वाटा तीनच:

- स्वतः घेऊन जाणं. परवान्याची हद्द किंवा प्रवासाची परवानगी असली पाहिजे. ही सर्वांत सरळ वाट.
- लेखी अधिकारपत्र. कलम 3 नुसार दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा मालकाच्या वापरासाठी परवाना नसलेला माणूस मालकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारानं शस्त्र नेऊ शकतो. म्हातारे वडील आणि गनस्मिथ शहरात, अशा वेळी मुलाला याचा आधार आहे. पण पत्रात नाव, कारण, तारीख, बंदुकीचा नंबर हवा, परवान्याची प्रत बरोबर हवी आणि परवान्याच्या हद्दीबाहेर हे पत्र चालेल असं धरून चालू नये. मालक वारला असेल तर अधिकारपत्राला अर्थ उरत नाही.
- विक्रेत्यामार्फत. परवानाधारक शस्त्रविक्रेता वाहतुकीचा परवाना काढून शस्त्र दुसऱ्या जिल्ह्यातल्या विक्रेत्याकडं पाठवू शकतो. दोन्हीकडं नोंदवहीत नोंद होते. खर्च येतो, वेळ लागतो. पण वरच्या उदाहरणातल्या पिंपरीच्या मुलासारख्यांना हाच मार्ग डोक्याला ताप नसलेला आहे. त्यामुळं बंदूक जमा करताना ठाण्याऐवजी विक्रेत्याकडं करता आली तर पुढचं काम सोपं जातं.

विमानानं जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीशी बोलून घ्यावं. काही कंपन्या नकार देऊ शकतात. सांबरा असो, मोपा असो की उजळाईवाडी, रिकामी बंदूक काउंटरवर जाहीर करून चेक-इन सामानातच जाते, केबिनमध्ये कधीच नाही. काडतुसं वेगळी पॅक करावी लागतात आणि आंतरराष्ट्रीय नियमांत त्यांचं वजन माणशी 5 किलोच्या वर चालत नाही.

पॅकिंग: घाई इथं नको

परवानगी हातात आली तरी अपघात कागद बघून थांबत नाही. काही गोष्टी क्रमानं कराव्यात.

आधी बंदूक रिकामी आहे का ते स्वतः बघायचं. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून सोडायचं नाही. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. दुनळी मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का पाहायचा. बोल्ट रायफलचं मॅगझिन काढायचं, बोल्ट उघडून चेंबरमध्ये बोट घालून बघायचं, मग बोल्टच बाहेर काढून वेगळा ठेवायचा. बोल्ट नसलेली रायफल चोराच्याही कामाची नाही.

ठासणीची बंदूक फसवी असते. पावसाळ्यात भरून ठेवलेली आणि विसरलेली बार भरलेली बंदूक आपल्या भागात नवी नाही. टोपी काढली म्हणजे रिकामी झाली असं समजू नये. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. खूण आणि नळीची लांबी यात तफावत असेल तर आत काहीतरी आहे. तेव्हा हात न लावता गनस्मिथकडं किंवा ठाण्यात सांगायचं. घरी उकरत बसायचं नाही.

नळीला हलकं तेल, पण कव्हर ओलसर नको. आंबोली-चोर्ल्याच्या पावसात एका रात्रीत गंज चढतो, म्हणून ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. दुनळीचा दस्ता आणि नळ्या सुट्या करून स्पंजमध्ये बसवायच्या. रायफलला दुर्बीण असेल तर तिच्यावर भार येणार नाही असं ठेवायचं. पेटी कडक आणि कुलपाची. वर बंदुकीचं चित्र, कंपनीचं स्टिकर नको. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात. नेण्याआधी नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो काढून ठेवावा. कागद पेटीत नव्हे, अंगावर.

2016 चे नियम सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलं, त्यासाठीच्या कव्हरमध्ये आणि नेणाऱ्याच्या नियंत्रणात असावं असंच सांगतात. गाडी ढाब्यावर लावून, बंदूक आत ठेवून जेवायला जाणं यात बसत नाही.

निवडणूक आली की

सीमाभागात आणखी एक गुंता आहे तो निवडणुकांचा. लोकसभेला 7 मे 2024 रोजी बेळगाव, चिक्कोडी, कोल्हापूर आणि गोवा एकाच दिवशी मतदान झालं, पण विधानसभेचं वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं: गोवा फेब्रुवारी 2022, कर्नाटक मे 2023, महाराष्ट्र नोव्हेंबर 2024. आचारसंहिता पलीकडं लागली की नाक्यावर तपासणी दोन्ही बाजूला होते. अलीकडच्या माणसाला निवडणूक आहे हेच लक्षात नसतं.

शस्त्र जमा करण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालानंतर निवडणूक आयोगानं छाननी समितीची पद्धत आणली. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा न करता कुणाची करायची हे समितीनं तपासून ठरवायचं. तरी गावपातळीवर "सगळ्यांनी आणून द्या" असा निरोप येतो. तेव्हा लेखी आदेश मागावा, जमा केल्याची नंबरासह पोच घ्यावी. पोच कन्नडमध्ये असेल तर नंबर आणि तारीख इंग्रजीतही लिहून द्यायची विनंती करावी. पलीकडच्या नाक्यावर वाचणारा मराठी असेल आणि वाद तिथंच वाढेल.

सरकारांकडून काय हवं

बंदुकीवर कडक नियंत्रण हवंच, याबद्दल वाद नाही. ग्वाल्हेर-चंबळच्या वाचकांना लग्नातल्या हवेतल्या गोळीबारानं काय होतं ते सांगायला नको. 2019 पासून त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. पण कायदेशीर वाट जितकी लांब, तितका डिकीचा मोह मोठा. नियम पाळायची इच्छा असलेला माणूसच चार कचेऱ्यांत अडकतो. ज्याला पाळायचा नाही, तो रात्रीच्या गाडीत टाकून मोकळा होतो.

प्रत्येक परवान्याला आता देशपातळीवरचा ओळख क्रमांक आहे, त्याची नोंद केंद्राच्या संगणक प्रणालीत असते. मग एका प्रवासाची परवानगी त्याच प्रणालीवर का मिळू नये? बेळगावनं दिली की कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्याला त्याच क्षणी दिसावी आणि नाक्यावरच्या शिपायाला नंबर टाकून तपासता यावी. वारसाच्या बाबतीत बंदूक जिथं जमा आहे आणि अर्ज जिथं केला आहे, ती दोन कार्यालयं एकमेकांशी थेट बोलावीत. सरकारजमा करायची नोटीस वारसाच्या सध्याच्या पत्त्यावरही जावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. शेजारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी बसून ठरवलं तर पुष्कळ होतं. पूर आला की कृष्णेच्या पाण्यासाठी दोन राज्यांचे अधिकारी एकमेकांना फोन करतातच.

तोवर परवानाधारकांनी तीन कामं करावीत. परवाना काढून त्यावरची हद्द आणि मुदत वाचावी. घरात सत्तरीपुढचा परवानाधारक असेल तर वारसाचा अर्ज हयातीतच भरावा. आणि कुणी "पार्सल करून टाक" म्हणालं, तर त्याला ड्रायव्हरवर लागणारं कलम आधी सांगावं.